वाऱ्याच्या तोंडाशी नेलेला दिवा

मातीच्या दिव्याला मोठा आवाज नसतो, तेव्हा माझं ऐकायचं तर जरा जवळ बसावं लागेल. मी मूठभर मातीचा आहे. एका बाजूला वातीसाठी चोच, दुसऱ्या बाजूला धरायला कान, आणि त्या कानात बरोबर मावेल असं एका मुलीचं बोट. ती मुलगी म्हणजे रयहोन. तिच्याबद्दलच सांगायचंय, पण आधी थोडं माझं स्वतःचं. इतकी हौस दिव्यालाही असते.

माझा जन्म डोंगराच्या पोटात झाला. आमचं झेरकोह अख्खंच्या अख्खं जमिनीखाली होतं. चार मजले खाली उतरत गेलेलं, गल्ल्या, खोल्या, मेंढ्यांचे गोठे, धान्याची कोठारं, आणि तळाशी गोड्या पाण्याची विहीर. कुणाच्या तरी पणजोबांच्या काळी घोड्यांवरून लुटारू यायचे आणि माणसं पकडून दूरच्या बाजारात विकायचे. त्यांना चुकवायला लोकांनी डोंगर पोखरला आणि आत जाऊन बसले. लुटारू केव्हाच थकले असतील, मेलेही असतील. पण आत बसलेल्यांची भीती काही थकली नाही. मोठे पुरुष तेवढे अंधार पडल्यावर मोठ्या दरवाज्याने बाहेर जायचे, घळीतली शेतं बघायचे आणि उजाडायच्या आत परतायचे. बायका आणि मुलं बाहेर जात नसत. रयहोन चौदा वर्षांची झाली होती आणि तिने आकाश फक्त ऐकलं होतं.

तिचं काम दिवे लावण्याचं. रोज मला हातात घ्यायची, खांद्यावर जवसाच्या तेलाची बुधली टाकायची आणि गल्ल्यागल्ल्यांतल्या कोनाड्यांतले दिवे माझ्या ज्योतीवर पेटवत जायची. म्हणजे झेरकोहमधला सगळा उजेड माझ्या पोटचा. मी थोडा शेफारलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

आता आमच्या लोकांची एक गंमत सांगतो, जी पुढे गंमत राहिली नाही. त्यांना लुटाऱ्यांपेक्षा जास्त भीती वाऱ्याची होती. खोकला झाला, वारा लागला. कंबर धरली, वारा लागला. सुनेने उलट उत्तर दिलं तरी, लहानपणी हिच्या कानात वारा शिरला असणार. प्रत्येक दारावर जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, पडदा, प्रत्येक फटीत लोकरीचा बोळा. आणि दिव्याची ज्योत हलली तर घरातलं कुणीतरी आजारी पडणार, अशी सगळ्यांची पक्की समजूत. म्हणून प्रत्येक दिव्यावर मातीचं झाकण असे, भोकाभोकांचं. ज्योत हलू नये, आणि हललीच तर दिसू नये. मी आयुष्यभर ताठ जळलो. मला वाटायचं, चांगल्या दिव्याची रीत हीच.

एका सकाळी बायका नान थापत असताना डोंगर हलला. भूकंप काही फार मोठा नव्हता, पण मोठ्या दरवाज्यावर अर्धी कडा येऊन बसली. रयहोनच्या हातातून मी निसटलो, माझं झाकण फुटलं. मी मात्र वाचलो.

पुरुषांनी तीन दिवस खणलं. एक दगड काढावा तर वरून चार यायचे. कोठारं भरलेली होती, विहिरीला पाणी होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी कुणी फारसं घाबरलं नाही. पण तंदूर पेटवला की धूर परत फिरून घरात शिरायला लागला. मग तंदूर बंद झाला आणि लोक वाळकी तुती चघळत बसले. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दिवे बारीक झाले. माणसं दोन पायऱ्या चढून धापा टाकायला लागली.

“तेल खराब आहे,” होलमत बोबोने निकाल दिला. बोबो म्हणजे आजोबा. गावातला सगळ्यात वडीलधारा असल्याने सगळे त्याला तसंच म्हणत. पांढरी दाढी छातीवर रुळणारी, आणि शब्द असा की त्यावर कुणी ब्र काढत नसे.

“तेल तेच आहे, बोबो,” रयहोन म्हणाली. “त्याच मडक्यातलं.”

“मग हात खराब आहे भरणाऱ्याचा.”

लोक हसले. तिला ते झोंबलं, पण तिच्या डोक्यात दुसरंच होतं. तिचा आठ महिन्यांचा भाऊ मीराक, तळच्या मजल्यावरच्या पाळण्यात, छोटे छोटे श्वास घेत होता. ओठांचा रंग बदलला होता. रडायलाही त्याला जोर पुरत नव्हता. होलमत बोबो येऊन बघून गेला आणि म्हणाला, कुठूनतरी वारा लागतोय बाळाला, पाळण्याभोवती आणखी एक नमदा बांधा. तिच्या आईने, सोदिकाने, दोन बांधले.

मी त्या पाळण्याशी उभा होतो. तिथे माझी वात तेलात बुडून पडावी तशी निपचित झाली. भूक लागते तसं नव्हतं ते. घसा धरल्यासारखं होतं. बाळालाही नेमकं तसंच होत होतं. पण दिव्याला हे ओरडून कसं सांगता येणार?

चौथ्या दिवशी रयहोन तुती आणायला सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या जुन्या कोठारात गेली. बरोबर तिचा चुलतभाऊ पुलोद, वर्षाने लहान म्हणून तिला आपा, म्हणजे ताई, म्हणणारा, कामापुरता कामाचा आणि बोलण्यापुरता दहा जणांना पुरणारा. माझ्यावर झाकण नव्हतं. कोठाराच्या कोपऱ्यातल्या, भूकंपात तडकलेल्या भिंतीजवळ गेलो आणि माझ्या अंगातून काहीतरी गेलं. मी वाकलो. मग उठलो, आणि एवढा उंच झालो की मलाच माझी लाज वाटली.

“आपा, तुझ्या दिव्याच्या अंगात आलंय,” पुलोद म्हणाला.

“गप उभा राहा रे,” रयहोन मला म्हणाली आणि सवयीने हाताचा आडोसा केला. मग तिने तो हात हळूच काढला. मी पुन्हा नाचलो. ती बघत राहिली. “खाली हा मरायला टेकतो, पुलोद. आणि इथे बघ याचा थाट.”

“मग याला इथेच ठेवू.”

“याला नाही,” ती म्हणाली.

ती धावत खाली गेली. आई विहिरीवर होती. तिने मीराकला नमद्यांतून सोडवलं, छातीशी धरलं, चार मजले चढून आली आणि त्या भिंतीशी, ऐन वाऱ्यात, मांडीवर घेऊन बसली. जन्मभर ज्याची भीती ऐकली त्याच्या पुढ्यात तिने आपला भाऊ धरला होता. मी तिच्या बाजूला उभा होतो. एवढं धाडस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही फार नाही.

सोदिका शोधत आली. तिने आधी लेकीच्या थोबाडीत दिली. “बाळाला वाऱ्यात ठेवलंस? सटवे, मारायचंय का त्याला?”

मीराकने डोळे उघडले. तोंडाचा चंबू केला आणि आईचा आवाज आला त्या दिशेला मान वळवून भोकाड पसरलं. चार दिवसांत पहिल्यांदा. सोदिका मटकन खाली बसली, त्याला पदराखाली घेतलं, आणि तो चुटूचुटू प्यायला लागला. तिने मग कुणाकडेच बघितलं नाही, नुसती रडत राहिली.

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? होलमत बोबो काठी टेकत, दहा ठिकाणी थांबत वर आला. मागे पाचपन्नास माणसं.

“या भिंतीला हात लावायचा नाही,” तो म्हणाला.

“मागे काय आहे, बोबो?” रयहोनने विचारलं.

तो काठीवर दोन्ही हात ठेवून भिंतीकडे वळला. मग सांगितलं. मागे वाऱ्याचं तोंड होतं. जुन्या लोकांनी खणलेलं, वरपर्यंत जाणारं, पावलं ठेवायला खाचा असलेलं. तेव्हा ही खोली कोठार नव्हती, त्याचं घर होतं. त्याची लेक लतीफा चार वर्षांची होती. तिला खोकला झाला. त्याने वाऱ्याच्या त्या तोंडावर नमदा ठोकला. खोकला थांबेना म्हणून दुसरा ठोकला. मग तिसरा. तिला ऊब मिळावी म्हणून उशाशी कोळशाची शेगडी ठेवली, दाराच्या फटी बुजवल्या. सातवा नमदा ठोकला त्या दिवशी ती झोपली ती उठलीच नाही. “वाऱ्याने नेली माझी पोर,” तो म्हणाला. “मग मी वरून माती लिंपली. या गावातलं दुसरं लेकरू मी त्याला देणार नाही.”

रयहोनच्या बोटाची पकड माझ्या कानावर घट्ट झाली. ती दिवे लावणारी मुलगी होती. बंद खोलीत कोळसा ठेवला की दिव्याचं काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिला समजलं. मलाही समजलं.

तिने मला त्याच्या हातात दिलं. “बोबो, तुम्हीच याला खाली न्या. मीराकच्या पाळण्याशी. तेल तेच, वात तीच, आणि आता हातही माझा नाही.”

म्हातारा मला घेऊन उतरला. त्याचा हात रयहोनच्या हातापेक्षा खूप थंड होता. दुसऱ्या मजल्यावर मी लहान झालो. तिसऱ्यावर निळा पडलो. पाळण्याशी पोचलो तेव्हा वातीच्या टोकावर एक ठिणगी उरली होती, आणि खरं सांगतो, मी निरोपाची तयारी केली. तो माझ्याकडे टक लावून बघत होता. मग वळला आणि त्या वयात जमेल तेवढ्या घाईने चढायला लागला, मला दाढीच्या आडोशाला धरून, पुटपुटत, “थांब, थांब, थांब.” वर पोचलो, भिंतीशी आलो, आणि मी पुन्हा उभा राहिलो.

त्याने मला रयहोनकडे दिलं आणि भिंतीकडे पाठ केली. “फोडा,” एवढंच म्हणाला.

पुलोदने कुदळ मारली. माती पडली, मग नमदे लागले. एकेकावर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी उठवलेली, सातही नवेकोरे असल्यासारखे. शेवटचा निघाला आणि वारा आत आला. तो असा आला की मागची सगळी माणसं एकदम खाली बसली, कानांवर हात घेऊन. वास होता त्याला, ओला, थंड, हिरवा. त्या वासाला आमच्याकडे नावच नव्हतं.

रयहोन माझा कान दातांत धरून चढली. मागून पुलोद, आणि नवल म्हणजे तो गप्प होता. वर एक पांढरा ठिपका होता, तो मोठा होत गेला. मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी थोर दिवा लावून ठेवलाय. वर डोकं काढलं आणि कळलं की तिथे मजलाच नाही. वर काहीच नाही. निळं, आणि निळ्यामागे आणखी निळं. समोर बर्फाचे डोंगर, पायाशी वितळतं पाणी आणि लाल फुलं, कुणी न लावलेली. आणि उजेड, सगळीकडे सारखा, कुणी न भरलेल्या तेलाचा.

“आपा, दिवा विझला,” पुलोद कुजबुजला.

रयहोनने मला तोंडातून काढलं, बोट वातीजवळ नेलं आणि चटकन मागे घेतलं. भाजलं तिला. मी जळत होतो, पूर्ण उंचीने जळत होतो, आणि तरीही दिसत नव्हतो. अख्ख्या गावाला उजेड देणारा मी, त्या सूर्यापुढे असून नसल्यासारखा झालो. अपमान वाटायला हवा होता. पण मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. जगात एवढा उजेड आहे आणि तो फुकट आहे, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

दिवस मावळेपर्यंत लोक निघत होते. दोरांना धरून, मुलांना पाठीशी बांधून. वर आलेला प्रत्येक जण आधी जमिनीला घट्ट धरून बसायचा, जणू सुटलो तर वर पडू. सोदिका मीराकला घेऊन आली तेव्हा तो झोपला होता, गाल लाल.

त्याला आता खूप वर्षं झाली. त्याच उतारावर गाव आहे, घरांना खिडक्या आहेत. मीराक उंडारतो, मेंढ्या हरवतो, शिव्या खातो. माझी चोच फुटली. रयहोनच्या खिडकीत असतो मी, माझ्यात ती मीठ ठेवते. तक्रार नाही. खिडकीतून मला रोज सूर्य दिसतो आणि रोज माझी बोबडी वळते.

एक गोष्ट मात्र मनात ठेवून आहे. होलमत बोबो सगळ्यांत शेवटी वर आला होता. वारा त्याच्या दाढीत शिरला. त्याने छाती झाकली नाही. पोरं त्या वाऱ्यात ओरडत धावत होती, आणि तो एकेकाकडे बघत होता. मग त्याने रयहोनला बाजूला बोलावलं. मी तिच्या हातातच होतो.

“पोरी, तुला दिव्यांचं कळतं,” तो हळू म्हणाला. “खरं सांग. माझी लतीफा वाऱ्यानेच गेली ना?”

तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. “हो, बोबो. तो हिवाळ्याचा वारा होता. फार वाईट. हा वेगळा आहे.”

त्याने मान डोलावली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलांकडे बघत बसला.

तो अजून आहे. नव्वदी उलटली असेल. रोज उतारावर ऊन खात बसतो, वारा अंगावर घेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून लतीफाबद्दल सांगतो. शेगडीचं, सात नमद्यांचं, सगळं. तुम्ही कधी त्या बाजूला आलात तर तो तुम्हालाही सांगेल. ऐकून घ्या. तुम्हाला कळलेलं त्याला सांगू नका.