पांढरी रेघ

मी सायकल बोलतेय. रेसिंगची, पोलादी, वयानं तुमच्या एखाद्या काकूच्या बरोबरीची. सध्या टेकडीच्या माथ्यावर, पाण्याच्या टेबलाला टेकून उभी आहे. समोर सहा किलोमीटरचा उतार आहे आणि माझं हँडल सैल आहे. हे मला माहीत आहे, माझ्यावर बसणाऱ्या पोरीला माहीत आहे, आणि तिच्या बाबांनाही शंका असावी असं मला वाटतं. पण तोंडातून शब्द कुणी काढत नाही. म्हणून म्हटलं, आपणच बोलावं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. बाबांनी मला आणलं तेव्हा ते कुणाचे बाबा नव्हते. पंपांच्या कारखान्यात फिटर होते आणि रविवारी शर्यतीत उतरायचे. काय दिवस होते! चढावर इतरांना धाप लागायची आणि आम्ही शीळ वाजवत पुढे जायचो. पोरगी झाली तेव्हा दवाखान्यात ते माझ्यावरूनच धावले, तेही उलटा शर्ट घालून.

मग घरात स्कूटर आली आणि मला गॅलरीतल्या खुंटीवर टांगलं. बावीस वर्षं! माझ्या हँडलवर ओल्या छत्र्या, सीटवर रद्दीची पिशवी. माणसं वापरातून गेलेली वस्तू टाकत नाहीत, तिच्यावर दुसऱ्या वस्तू टाकतात. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. ज्या हातानं कारखानाभरचे बोल्ट आवळले, त्या उजव्या हातातून चमचा पडायला लागला. रुग्णालयाच्या ज्या वॉर्डात त्यांना चमचा पुन्हा धरायला शिकवलं, त्या वॉर्डाच्या मदतीसाठी आजची ही सायकलफेरी आहे. पोरीनं नाव नोंदवलं आणि घरी येऊन म्हणाली, "बाबा, गॅलरीतली सायकल मला तयार करून द्याल?"

ते खिडकीशी बसले होते. झटक्यानंतर त्यांचं तेच चालू होतं. एकदा पोरीनं न विचारता त्यांच्या शर्टाचं बटण लावून दिलं, तर दोन दिवस ते जेवायच्या टेबलावर आले नाहीत. पण त्या दिवशी उठले. खुंटीखाली उभं राहून माझी चेन बोटानं चाचपली आणि म्हणाले, "गंजलीय. पण मेली नाही."

चार रविवार माझं काम चाललं. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, मला सुटं सुटं केलं, रॉकेलनं धुतलं. चाकातले छर्रे स्टीलच्या वाटीत पडले तशी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ती माझी चटणीची वाटी आहे हो!" बाबा म्हणाले, "आता ग्रीसची." किती महिन्यांनी त्या घरात हसू ऐकलं मी.

आता त्या रेघेचं सांगते. कारखान्यात बाबांची एक पद्धत होती. बोल्ट पूर्ण आवळला की ब्रशनं त्याच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत एक पांढरी रेघ ओढायची. बोल्ट सैल पडला की रेघेचे दोन तुकडे होतात आणि लांबूनही कळतं. ही सवय ते घरी घेऊन आले. त्या घरात पंख्याला रेघ आहे, शिलाई मशीनला आहे, न्हाणीघराच्या कडीलाही आहे. एकदा मामानं रेघ असलेला पंख्याचा बोल्ट "जरा आवळतो" म्हणून आवळला आणि आटे घालवून बसला. तेव्हापासून घरात नियमच झाला, बाबांच्या रेघेवर पाना लावायचा नाही. रेघ कशासाठी होती हे हळूहळू सगळे विसरले. तिचा मान तेवढा राहिला.

माझं हँडल धरून ठेवणारा एकच बोल्ट आहे. शेवटच्या रविवारी बाबा म्हणाले, "हा मीच लावणार." पाना उजव्या हातात धरला. डाव्यानं आधार दिला. कपाळाची शीर फुगली, ओठ वाकडा झाला. पाना फिरला, थोडा अजून फिरला आणि थांबला. मला विचाराल तर अजून पाव फेरा हवा होता. पण त्यांचा हात जिथे संपला, तिथे त्यांना बोल्ट संपल्यासारखा वाटला. मग त्यांनी रेघ ओढली. पूर्वी सरळसोट यायची, आता थरथरत आली, आणि त्या रेघेची नक्कल कुणालाच जमणार नाही. पोरीनं टाळ्या वाजवल्या. बाबा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी तिनं मला गल्लीतून फिरवलं. ब्रेक दाबला की हँडलापाशी आवाज व्हायचा, टिक. आईनं दारातूनच विचारलं, "ही अशी का बोलतेय गं?"

"जुनी आहे ना आई, कुरकुरणारच."

माझं नाव पुढे करून मोकळी झाली! मी पुन्हा टिक केलं. दुसरी भाषा मला येत नाही.

आज सकाळी निघायच्या आधी तिनं पाना हातात घेतला होता. बोल्टवर टेकवलासुद्धा. आतून बाबा खोकले. तिनं पाना काढला आणि सीटखालच्या पिशवीत टाकला. चढावर जोर लागला तसा मी टिक टिक करत आले. शेजारून जाणाऱ्या बाईनं विचारलं, "काही सैल आहे का हो?" आमची पोरगी हसून म्हणाली, "नाही, तिला सवय आहे."

आत्ता इथे, माथ्यावर, तिचा फोन वाजला.

"पोचलीस का?" बाबांचा आवाज.

"आत्ताच. पाणी पितेय."

"ब्रेक?"

"मस्त लागतायत."

"आणि ती हँडलची रेघ... बघ जरा. सरळ आहे ना?"

ती वाकली. ही पोरगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दिवसभर लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणते. तिला दिसलं नाही असं मी कसं मानू? रेघ मधोमध तुटली होती. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे, मध्ये नखाएवढं अंतर.

"सरकली असेल तर सांग हं," बाबा म्हणाले. "त्या दिवशी हात जरा..."

"हात जरा काय, बाबा?"

मागून आई म्हणाली, "अहो, उगाच घाबरवू नका तिला."

"काही नाही," बाबा म्हणाले. "दमला होता."

सांगा ना बाबा! सांग ना गं पोरी! तो माणूस दार उघडून उभा आहे, तू नुसतं "हो" म्हण. पाना माझ्या सीटखाली आहे. पाव फेऱ्याचं काम आहे.

तिनं अंगठा त्या तुटलेल्या रेघेवर ठेवला. झाकली तिला.

"सरळ आहे बाबा. एकदम सरळ."

पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. "म्हटलं नव्हतं? अगं ऐकलंस का, माझा बोल्ट हलला नाही!" ते आईला ओरडून सांगत होते, आवाज जुन्या शर्यतीतला. पोरगी डोळे पुसत हसली आणि तिनं फोन ठेवला.

ती वाईट नाही हो. बापाला एक दिवस पुन्हा फिटर होऊ द्यायचं होतं तिला. पण बाबांनी आयुष्यभर रेघा ओढल्या त्या खरं कळावं म्हणून, आणि त्यांच्याच घरात ते कुणी वाचत नाही.

उतारावर वळणं आहेत. दुसऱ्या वळणावर ती ब्रेक दाबेल, तिच्या अंगाचा सगळा भार हँडलवर येईल. मी धरून ठेवीन. जेवढं जमेल तेवढं धरीन, वचन मात्र देता येत नाही.

तुम्ही इतका वेळ माझं ऐकलंत, आता एवढं करा. तिला हाक मारा. म्हणावं, सीटवरून उतर, पाना काढ, तुटली बापाची रेघ तर तुटू दे. घरी जा आणि त्यालाच पुन्हा ओढायला सांग. जोरात हाक मारा, वारा आहे इथे.

पुढच्या दोघी निघाल्या. ती सीटवर बसली आहे. तिनं ब्रेक सोडलेत.