लिओटाचा फोन

लुमिर कुचेरा एकोणसत्तराव्या वर्षी धावायला लागला, त्याला कारण एक वळू. कुंपण मोडून पळालेल्या त्या वळूमागे तो रबरी बूट घालून दोन मैल पळाला. शेवटी वळू धापा टाकत उभा राहिला, लुमिर नाही. शेजारच्या मायलो व्होपातने ही गोष्ट अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या टेकड्यांमधल्या प्रत्येक घरी पोचवली आणि म्हाताऱ्यांच्या शर्यतीत नाव घालायचा आग्रहही त्यानेच धरला. तेव्हापासून गुरांना चारा टाकून झाला की लुमिर मातीच्या रस्त्याने धावायचा. शहाऐंशीव्या वर्षापर्यंत इतकी पदकं जमली की त्याच्या बायकोने, लिओटाने, ती स्वयंपाकघराच्या पडद्याच्या दांडीवर लटकवली होती. वारा आला की किणकिणायची.

त्या वर्षीची मोठी शर्यत मार्चमध्ये आली. बंदिस्त मैदानावर, दुसऱ्या राज्यात, गाडीने दिवसभराच्या अंतरावर.

"मार्चात?" लिओटा म्हणाली. "चाळीस कालवडी व्यायला टेकल्यात आणि तू निघालास?"

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. संध्याकाळी मायलो येऊन बघून जाईल."

"कालवड काय घड्याळ बघून विते? आणि बर्फ येणार म्हणतायत."

"अगं, शहाऐंशी वर्षांचा झालो. पुढच्या मार्चात असेन की नसेन."

"हे तू बहात्तराव्या वर्षापासून सांगतोयस."

तरी तो गेला. जाताना तिने त्याला डबा भरून दिला, पण दारापर्यंत आली नाही.

शनिवारी सकाळी सव्वादहाला तो मैदानाकडेच्या बाकावर बुटाच्या नाड्या बांधत होता. पंधराशे मीटरची शर्यत पावणेअकराला होती. पिशवीत फोन वाजला. लिओटाचं नाव. त्याच्या मनात आलं, बर्फ सुरू झाला असेल, परत ये म्हणेल. एकदा तिचा आवाज ऐकला की आपले पाय जड होणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने फोन पालथा घालून टॉवेलखाली सारला. टॉवेलखालून फोन बराच वेळ घरघरत राहिला.

पंधराशे मीटर तो जिंकला. दुपारी आठशेही जिंकला. पाच वाजता, गळ्यात दोन पदकं घालून, त्याने घरी फोन लावला तेव्हा उचलला मायलोने.

एक कालवड अडली होती. लिओटा वासराच्या पायांना साखळी बांधून ओढत होती, तेवढ्यात कालवड उसळली आणि तिने लिओटाला फाटकावर आपटलं. खुब्याचं हाड मोडलं. गोठ्यातल्या चिखलात पडून तिने खिशातल्या फोनवरून पहिला फोन नवऱ्याला केला. अठ्ठावन्न वर्षांत काही झालं की ती आधी त्यालाच हाक मारत आली होती. वाजता वाजताच थंडीने फोन बंद पडला. दुसरा करता आला नाही. बर्फ वाढलेला पाहून मायलो लवकर आला, तेव्हा दोन वाजले होते. वासरू मेलेलं होतं. लिओटाला दवाखान्यात पोचवून तो गुरं बघायला परत आला होता.

दवाखान्यात लुमिर पोचला तेव्हा लिओटा गुंगीत होती. जाग आल्यावर पहिलं वाक्य ती नर्सला म्हणाली, "हे माझे यजमान. मी फोन केला तेव्हा मैदानात धावत होते बिचारे, ऐकू कसा येणार?"

लुमिरने तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

मग तेच वाक्य तिने पाद्रीबाबांना सांगितलं, बहिणीला सांगितलं, रविवारी भेटायला आलेल्या बायकांना सांगितलं. बायका कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, घेऊन येत, त्याच्या पाठीवर थोपटत आणि म्हणत, "मनाला लावून घेऊ नका, तुम्ही तरी काय करणार होता?" प्रत्येक वेळी त्याची नजर पायाखालच्या चटईवर जायची. एका सकाळी तिला नकळत त्याने पडद्याच्या दांडीवरची पदकं काढून बरणीत कोंबली.

"कुठे गेली रे?" तिने विचारलं.

"धुवायला काढलीत," तो म्हणाला, आणि आपण आता अशा क्षुल्लक गोष्टीतही खोटं बोलायला लागलो, याची त्याला शिसारी आली.

एप्रिलच्या शेवटी ती टेबलाशी बसून बटाटे सोलत होती. वॉकर बाजूला होता.

"लिओटा, तो फोन मी पाहिला होता."

"कुठला?"

"त्या दिवशीचा. मी धावत नव्हतो. नाड्या बांधत होतो. तुझं नाव दिसलं आणि मी फोन पालथा घातला."

तिचा हात थांबला. "का?"

"वाटलं, परत ये म्हणशील."

"म्हटलंच असतं." तिने बटाटा खाली ठेवला. "चिखलात पडून मी घंटा मोजत होते. आता उचलेल, आता उचलेल."

"लिओटा, मला—"

"आत्ता नको. आत्ता माझ्यासमोर बसू नकोस. जा, गुरांना चारा टाक."

"टाकून झालाय."

"मग पुन्हा टाक."

नऊ दिवस ती त्याच्याशी फक्त गुरांबद्दल बोलली. दहाव्या दिवशी म्हणाली, "तुझ्यापायी मी गावभर खोटं बोलले. ते मी निस्तरणार नाही. रविवारी तू सांगायचं."

प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी चालू असताना लुमिर उभा राहिला. टोपी हातात चुरगळत त्याने चार वाक्यांत सगळं सांगितलं.

मायलोने कप ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "काका, मी तिला चिखलातून उचललं ना, तेव्हा ती काय म्हणाली माहितीये? 'दुपारची शर्यत होईस्तोवर लुमिरला कळवू नकोस.' म्हणून पाचला तुमचाच फोन येईपर्यंत मी थांबलो."

लुमिरला हे ठाऊक नव्हतं. त्याने लिओटाकडे पाहिलं. ती कपात साखर ढवळत होती. तो खाली बसला. त्याच्या पाठीवर कोणी थोपटलं नाही, आणि ते बरंच झालं असं त्याला वाटलं.

दोन वर्षं तो धावला नाही. पोट सुटलं, झोप उडाली. शेवटी लिओटाच काठी आपटून म्हणाली, "दिवसभर पायात पायात येतोस. जा, पळून ये कुठेतरी." मग तो पुन्हा धावू लागला, पण घर दिसेल तेवढ्याच रस्त्यावर, इकडून तिकडे.

एकोणनव्वदाव्या वर्षी, ऑगस्टमध्ये, तो राज्याच्या स्पर्धेत उतरला. लिओटा बरोबर आली, काठी टेकत प्रेक्षकांच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली. त्याच्या वयाचे दोघेच होते. तो पहिला आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, पदक गळ्यात पडलं, आणि तो बुटांकडे बघत राहिला.

"वर बघ की," ती खालून ओरडली. "फोटो काढतायत."

त्याने वर पाहिलं. कॅमेऱ्याकडे पाहिलं, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. तिच्याकडे मात्र त्याला पाहवलं नाही.