तीनशेचा पडदा

सोमवारपासून नोरीन आणि तिच्या तीन मैत्रिणी फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये फरशीवर गुडघे घासत होत्या. निळ्या-पांढऱ्या क्रेप कागदाच्या पट्ट्या जोडून दोन पुरुष उंचीचा पडदा करायचा आणि शनिवारी खेळाडूंनी तो फाडून मैदानात धावायचं, हे वारूक गावात वर्षानुवर्षं चाललेलं. या खेपेला पडद्याच्या मधोमध आकडा होता: तीनशे. नोरीनचा धाकटा भाऊ डेस हॅनिगन पहिल्या संघाकडून तीनशेवा सामना खेळणार होता. क्लबात आजवर कुणी तिथवर पोचलं नव्हतं. दोन गुडघे, एक खांदा आणि पुढचे चार दात त्यानं या गावापायी घालवले होते. मोसमातला हा शेवटचा सामना झाला की तो कायमचे बूट काढणार होता.

गुरुवारी संध्याकाळी भिंतीवर शनिवारच्या संघांची यादी लागली. डेसचं नाव दुसऱ्या संघात होतं.

दुसऱ्या संघाचे सामने कुणी मोजत नाही. म्हणजे दोनशे नव्याण्णववर कारभार आटोपला. आणि निवड समितीचा प्रमुख कोण, तर नोरीनचाच नवरा, क्लाइव्ह! बुधवारी हाच महात्मा तिच्याशेजारी बसून चिकटपट्टी तोडून देत होता. शेवटचं शून्य तर त्यानंच चिकटवलं होतं.

ती घरी आली तेव्हा तो मटणाचे चॉप खात बसला होता.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"अगं, कोच म्हणाला, डेसच्या जागी शहरातून आणलेल्या त्या नव्या गड्याला पुढच्या वर्षासाठी एकदा बघू..."

"कधीपासून, क्लाइव्ह?"

"मंगळवारी ठरलं."

"आणि बुधवारी माझ्याशेजारी बसून शून्य चिकटवत होतास? लाज कशी वाटली नाही रे?"

"सांगितलं असतं तर तू आकाशपाताळ एक केलं असतंस."

"तळाला आहोत आपण! अख्ख्या मोसमात दोन सामने जिंकलेत. कुठला कप हुकणार होता?"

तिनं त्याची ताटली उचलली आणि चॉप कुत्र्यापुढे टाकले. मग डेसला फोन लावला.

"जाऊ दे गं," डेस म्हणाला. "खेळायला मिळतंय ना."

नोरीननं फोन आपटला. वीस वर्षं हा माणूस 'जाऊ दे' म्हणत आला होता, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त चीड येत होती.

शनिवारी बाराला दुसऱ्या संघाचा सामना. त्यांच्यासाठी कुणी कधी पडदा करत नाही. नोरीननं तो मैदानात आणवला, पडद्याची एका बाजूची काठी स्वतः धरली आणि दुसरी क्लाइव्हच्या हातात कोंबली.

"नोरीन, अध्यक्ष बघतायत."

"बघू देत. धर."

डेस संघाच्या पुढे धावत आला. मैदानाभोवतीच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. आकडा पाहून त्याचा चेहरा उजळला. मग काठी कुणाच्या हातात आहे ते त्याला दिसलं आणि तो थांबला. क्लाइव्हनं मान खाली घातली. पडद्याला वळसा घालून डेस मैदानात गेला, त्याच्यामागून सगळा संघ गेला. भोंगे एकेक करत बंद पडले.

अखंड कागद वाऱ्यानं फडफडत राहिला.

"आता गुंडाळूया का?" क्लाइव्हनं हळूच विचारलं.

"फाडलाय का कुणी? मग धरून ठेव."

"अगं, पण कुठवर?"

"सामना संपेपर्यंत. आणि सरळ धर. तू लावलेलं शून्य वाकडं दिसतंय."