डाव्या पायाचा शिनपॅड

मी टेबलाखालून बोलतोय. जरा वाका, म्हणजे दिसेन. क्लबच्या ऑफिसातलं साहेबांचं हे टेबल डुगडुगतं, म्हणून शिपायाने त्याच्या एका पायाखाली मला सरकवलंय. मी शिनपॅड. फुटबॉल खेळणाऱ्यांच्या नडगीवर, मोज्याच्या आत, एक प्लास्टिकची ढाल असते ना, तीच. त्यातला मी डाव्या पायाचा. माझा जोडीदार उजवा कुठे गेला कुणास ठाऊक. तसाही तो आळशीच होता, मार सगळा माझ्या वाट्याला यायचा.

क्लबचं नाव सांगत नाही. मोठ्यांची नावं घेतली की लहानांची वाट लागते, हे मी फार जवळून पाहिलंय. क्लब अंधेरीचा आहे, एवढं पुरे.

जन्म माझा जालंधरचा. साच्यातून गरमागरम बाहेर काढलं, पट्टा शिवला आणि धोबीतलावच्या एका दुकानात आणून टांगलं. तिथे एके दिवशी सुनंदाबाई आल्या, घाटकोपरहून, सोबत मुलगी तेजल. सुनंदाबाई अंधेरीच्या एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या, त्यामुळे कुठल्याही वस्तूवर नाव असलंच पाहिजे असं त्यांचं ठाम मत. दुकानदार म्हणाला, "ताई, एक साइज मोठा घ्या, पोरगी अजून वाढेल."

"आमच्यात कोणी वाढत नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "हाच द्या."

आणि खरंच, तेजल पुढे वाढली नाही. बुटकीच राहिली. मी तिच्या नडगीवर असा बसायचो की जणू तिथेच उगवलोय. घरी गेल्या गेल्या आईने माझ्या पाठीवर मार्करने ठसठशीत लिहिलं, तेजल. टीममधल्या पोरी हसल्या, कारण बाकीच्यांच्या शिनपॅडवर परदेशी खेळाडूंची चित्रं होती. हसू देत. माझ्यावर चित्र नव्हतं, नाव होतं. मला त्याचा माज होता आणि अजूनही आहे.

आता तिचा खेळ सांगतो. स्ट्रायकर म्हटलं की लोकांना वाटतं, गोलकडे तोंड करून सुसाट धावणारी. आमची तेजल गोलकडे पाठ करून उभी राहायची. मागे समोरच्या टीमची स्टॉपर, म्हणजे बचावाची खेळाडू, तिच्या दीडपट उंचीची. बॉल यायचा, तेजल तो डाव्या तळव्याखाली दाबायची, मागचीला कमरेने अंदाजायची आणि वाट बघायची. कसली वाट? लाथेची. मागची चिडून लाथ घालायची ती थेट माझ्यावर. त्या घटकेला मागचीचा एक पाय हवेत असतो. तेवढ्यात तेजल गर्रकन वळायची आणि गोल! म्हणजे प्रत्येक गोलच्या आधी एक लाथ मी खाल्लेली असायची. पेपरात माझा उल्लेख कधी आला नाही, पण ते असो.

आणि ती पडायची नाही. मॅनेजर हर्षद सर साइडलाइनवरून ओरडून ओरडून घसा बसवायचे, "अगं पड ना! पेनल्टी मिळेल!" हाफटाइमला ती शांतपणे सांगायची, "सर, लागलंच नाही तर पडू कशाला?" लागलेलं असायचं. घरी मला काढलं की खाली निळंजांभळं दिसायचं, सुनंदाबाई त्यावर हळद चोळायच्या आणि शिव्या मात्र क्लबला द्यायच्या.

टीममध्ये उत्तरा नावाची दुसरी स्ट्रायकर होती. मुलुंडची, उंच, हसरी, बदली खेळाडू. आमच्याकडे एक रीत आहे, ती लक्षात ठेवा. शिनपॅड नसेल तर रेफरी मैदानात पाऊल ठेवू देत नाही आणि बेंचवरच्या सगळ्या पोरींकडे काही ते नसतात. म्हणून बाहेर येणारी आपले शिनपॅड काढून आत जाणारीला देते. घामाने भिजलेले, गरम. कोणी नाक मुरडत नाही.

गेल्या वर्षी एका मॅचमध्ये उत्तराचा डावा पाय मोडला. घोट्याच्या वर, कडकन. सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं. सकाळी तिथे रुग्णवाहिका उभी होती, कारण सकाळी पुरुषांची मॅच होती. ती संपली तशी गाडीही गेली. बायकांच्या मॅचला गाडी नसते. म्हणजे मैदान तेच, गवत तेच, हाडंही तीच, पण गाडी नाही. मग पोरींनी कुंपणावरचा जाहिरातीचा फ्लेक्स उतरवला, त्यावर उत्तराला निजवलं आणि रिक्षात घातलं. पाय मावेना. तेजलने तो पाय रस्ताभर हातांत धरून रिक्षाबाहेर ठेवला होता. हॉस्पिटलात उत्तराचा मोजा आणि तिचे शिनपॅड कात्रीने कापून काढले. हाड जुळलं, पण जरा वाकडं.

तेव्हापासून तेजल पेटली. क्लबच्या साहेबांकडे, म्हणजे ज्यांच्या टेबलाखाली मी आहे त्यांच्याकडे, ती पुन्हापुन्हा आली. मागणी एकच, बायकांच्या मॅचलाही गाडी उभी राहिली पाहिजे. साहेब प्रत्येक वेळी चहा मागवायचे आणि म्हणायचे, "बघू." तिने बाकीच्या टीमच्या पोरींना गोळा केलं, टीव्हीवाल्यांशी बोलली, मैदानाच्या फाटकावर फलक घेऊन उभी राहिली. साहेब म्हणाले, "पोरगी खेळते चांगली, पण हल्ली बोलते फार."

मग स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या सरावाला तिने पोरींना एक युक्ती सांगितली. "शिनपॅडशिवाय मॅच सुरू होऊ शकत नाही. नियम त्यांचाच आहे, आपण नुसता पाळायचा. घोषणा नाही, भांडण नाही. काढायचे, मधल्या रेषेवर ठेवायचे, आणि गाडी आली की घालायचे." गोलकीपर मृणालिनी, आमची कॅप्टन, तिने टाळी दिली. म्हणाली, "झकास. मी तर पहिली काढणार."

आणि काढलेही हो! दोन्ही टीम मैदानात, कुंपणाभोवती माणसं, मंडपात साहेब, आणि आमच्या पोरी वाकून मोज्यांतून आम्हाला बाहेर काढतायत. मधल्या रेषेवर आमची रांग लागली. रेफरी शिट्टी हातात धरून म्हणाला, "मी काय करू? नियम आहे." त्या घटकेला मला वाटलं, जालंधरपासून इथवर आलो ते याचसाठी. उत्तरा तेवढी रिकाम्या हातांनी उभी होती. तिच्याकडे ठेवायला शिनपॅडच नव्हते, जुने कापले गेल्यावर नवे तिने घेतलेच नव्हते.

हर्षद सर आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर पोरी पेटल्या असत्या. ते एकेकीच्या कानाशी गेले आणि एकेक वाक्य बोलले. कुणाला काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण मृणालिनीची खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी व्हायची होती आणि तिथे साहेबांची ओळख होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली काढणारी पहिली वाकली. "सॉरी यार," ती तेजलकडे न बघता म्हणाली. मग दुसरी, मग तिसरी. एकीने तर घाईत माझ्यावरच पाय दिला. शेवटी गवतावर आम्ही दोघे उरलो, मी आणि उजवा.

"तू उचलणार नाहीस?" सरांनी विचारलं.

"गाडी आली की उचलते," तेजल म्हणाली.

सर वळले. "उत्तरा, वॉर्मअप कर. तू खेळतेयस."

उत्तराचा चेहरा मी खालून पाहिला. वर्षभर बेंचवर बसलेली पोरगी ती. आनंद लपवता येत नव्हता तिला, लाजही लपवता येत नव्हती. "सर, माझ्याकडे शिनपॅड नाहीत."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "बाहेर जाणारीचे घ्यायचे असतात ना?"

रीतच ती. उत्तरा वाकली. तेजल एकच वाक्य बोलली, "उत्तरा, हे तुला आखूड पडतील गं."

"चालतील," उत्तरा म्हणाली आणि मला उचललं.

पडलोच मी आखूड. तिच्या लांब नडगीवर माझ्याखाली चार बोटं पाय उघडा राहिला, अगदी तिथेच, जिथे हाड वाकडं जुळलं होतं. मी काय करणार? मला ताणता येत नाही. मी ओरडलो असेन, पण मोज्याच्या आतून कोण ऐकतं!

खरं सांगतो, उत्तरा सुंदर खेळली. गोलकडे पाठ करून उभी राहिली, बॉल तळव्याखाली दाबला, मागचीची लाथ माझ्यावर घेतली आणि गर्रकन वळून गोल मारला. हुबेहूब तेजल. कुंपणाबाहेर कठड्यावर बसलेल्या तेजलच्या हातून चुकून टाळी वाजली. एकच. मग तिने हात मांडीखाली घातले.

पुढच्या वेळी मागची शहाणी झाली होती. तिने लाथ जरा खाली घातली.

आवाज तोच, कडकन. सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं. सवय असते माणसांना, काही नसलेल्या ठिकाणीही बघायची. फाटकात गाडी नव्हती, पण तेजल मात्र कठड्यावरून उतरून रस्त्याकडे पळत सुटली होती. दोन रिक्षावाल्यांनी माना हलवल्या, तिसऱ्याच्या समोर ती आडवी उभी राहिली. पुन्हा तोच फ्लेक्स, पुन्हा तोच पाय तिच्या मांडीवर.

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा उत्तराने डोळे उघडले. वेदनेने तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, "तुझ्यामुळे झालं हे. तू खेळली असतीस तर मला खेळावं लागलं नसतं."

 तेजलने पाय सोडला नाही. हॉस्पिटलात कात्री यायच्या आत तिने मला तिच्या पायावरून अलगद सोडवलं. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. ढाल अखंड आणि पाय मोडलेला, यापेक्षा मोठी शरम ढालीला नाही. मागून आलेल्या हर्षद सरांनी "क्लबचं सामान" म्हणत मला पिशवीत घातलं.

मग चौकशी झाली. याच टेबलावर. साहेब, हर्षद सर आणि आणखी एक गृहस्थ, जे फक्त समोसे खायला आल्यासारखे होते. मी मधोमध ठेवलेला, नाव वर. तेजल समोर उभी आणि उत्तराला व्हीलचेअरवर आणलं होतं.

"हे कुणाचे?" साहेबांनी विचारलं.

"तेजलचे," उत्तरा म्हणाली.

"तू स्वतःहून घेतलेस, की तिने दिले?"

उत्तराने हर्षद सरांकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. "तिनेच दिले. घाल म्हणाली."

तेजलने मोबाइल टेबलावर ठेवला. सुनंदाबाईंनी कुंपणाबाहेरून अख्ख्या मॅचचा व्हिडिओ काढला होता. त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. तेजल हात बांधून उभी, उत्तरा वाकते, मला उचलते. तिघं माणसं डोकी एकत्र करून बघत होती. मला वाटलं, चला, आता तरी.

व्हिडिओ पुढे सरकला. समोसेवाले गृहस्थ एकदम म्हणाले, "थांब थांब. जरा मागे घे. तो आपला गोल परत दाखव."

त्यांनी गोल परत पाहिला. मग साहेबांनी आणखी एकदा पाहिला. "काय वळली पोरगी, वा!" ते म्हणाले आणि मोबाइल पालथा ठेवून तेजलकडे सरकवला. निकाल तिथेच लागला. तेजलने आपलं सामान मैदानात बेजबाबदारपणे टाकलं, त्यामुळे दुसरीला चुकीच्या मापाचे शिनपॅड घालावे लागले आणि दुखापत झाली. सबब, तेजलवर बंदी.

तेजल उभीच होती. लाथ बसल्यावर उभी राहायची तशीच. जाताना तिने मला घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," साहेब म्हणाले. "पुरावा आहे तो."

पुरावा म्हणून मी काही दिवस कपाटात होतो. मग टेबल डुगडुगायला लागलं.

रुग्णवाहिका? आली होती की! मोसमाच्या पहिल्या मॅचला. साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले. पोरी वॉर्मअप करत होत्या तोवर गाडी निघून गेली. शिपाई चहा देता देता दुसऱ्याला सांगत होता, ते मी ऐकलं. तो असंही म्हणाला, "ती येडी अजून फाटकावर फलक घेऊन उभी असते. पोरी खाली मान घालून बाजूने आत जातात."

परवा उत्तरा आली होती ऑफिसात. काठी टेकत. क्लबने तिला ऑफिसात बसायचं काम देतो म्हटलं होतं, त्याची आठवण करून द्यायला. साहेब नव्हते, म्हणून ती खुर्चीवर वाट बघत बसली. बसल्या बसल्या नजर खाली गेली. मी दिसलो तिला. माझी पाठ बाहेर होती आणि आईच्या हातचं ते ठसठशीत नावही.

ती बराच वेळ बघत राहिली. मला आशा वाटली, आता वाकेल. वाकायची तिला सवय होती.

तिने काठीचं टोक माझ्यावर टेकवलं आणि मला फिरवत आत ढकललं, टेबलाच्या पायाखाली पार आत, भिंतीकडे, नाव दिसेनासं होईपर्यंत.

तर वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. कधी बायकांच्या मॅचला गेलात, तर गोल कुणी मारला ते मागाहून विचारा. आधी फाटकाकडे बघा. गाडी दिसणार नाही, पण एक बुटकी मुलगी उभी असेल. तिला सांगा, तुझा डावा अजून शाबूत आहे. नाव पुसलेलं नाही कुणी. फक्त भिंतीकडे वळवलंय.