बिनदाण्याचा केक

सून घरात शिरली ती थेट ओट्यापाशीच गेली. स्नेहाने मैद्याचं पाकीट उलटसुलट करून वाचलं, तेलाची पिशवी वाचली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही तर माझ्याहून कडक निघालात!"

निवृत्तीराव खुलले. एसटीच्या डेपोत पस्तीस वर्षं इंजिनं खोलणाऱ्या या माणसाने गेल्या वर्षभरात सिडकोतल्या आपल्या घराचं स्वयंपाकघरच खोलून काढलं होतं. मागच्या दिवाळीत त्यांच्या हातचा चिमूटभर चिवडा खाऊन सात वर्षांच्या योगिनीचे ओठ सुजले, श्वास अडकला आणि अमोल लेकीला उचलून दवाखान्यात धावला. पोरीला शेंगदाणा चालत नाही, हे तेव्हा कळलं. त्यानंतर ही मंडळी पुण्याहून दोनदाच आली. आपलाच डबा उघडून जेवली आणि तासाभरात गेली. निवृत्तीरावांनी मिक्सर देऊन टाकला, डबे बदलले, शेंगदाणा तेल बंद केलं. त्यांची बायको रंगूबाई असत्या तर कुटाशिवाय कसला स्वयंपाक म्हणून भांडल्या असत्या. पण रंगूबाई जाऊन चार वर्षं झाली होती आणि घर खायला उठत होतं.

आज योगिनीचा वाढदिवस. आजोबांचा केक तिने खाल्ला, तर मंडळी सोमवारपर्यंत राहणार होती. बॅगा अजून गाडीतच होत्या.

केक टेबलावर आला. तेवढ्यात समोरच्या लंकाबाई दारात डोकावल्या.

"भाऊ, वाटी मिळाली बरं का. साखर कशाला घातली हो?"

"रिकामी वाटी कशी परत करायची?" निवृत्तीराव हसले, आणि त्यांचं हसू तिथंच विरलं.

काल लंकाबाईंनी दाण्याची चटणी दिली होती. ती त्यांनी गॅलरीत बसून खाल्ली, साबणाने हात धुतले. पण चटणी कोरडी, म्हणून वाटी नुसती फडक्याने पुसली. आज सकाळी तीच वाटी साखरेच्या डब्यात बुडवून, भरून त्यांनी लंकाबाईंच्या लेकीच्या हाती दिली. अंगवळणी पडलेलं काम, मनात काही आलंसुद्धा नाही. आणि मग त्याच डब्यातली साखर केकला घेतली.

लंकाबाई गेल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. लागून लागून वाटीला कितीसं लागलं असणार! अमोल तर गाडीची किल्ली घेऊन बॅगा आणायला निघालाच होता.

योगिनीने सुरी टेकवली.

"थांब, बाळा. नको कापू."

त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"बाबा, अहो, एवढं सगळं करून..." अमोल दारातूनच मागे फिरला.

स्नेहाने आधी पोरीच्या हातातली सुरी काढून घेतली, तिचे हात कोपरापर्यंत धुतले. मग म्हणाली, "सांगितलंत, ते बरं केलंत. पण आज राहायला नको, बाबा. मला झोप लागायची नाही."

"नकोच," निवृत्तीराव म्हणाले. "मलाही लागायची नाही."

जिन्यात योगिनी वळली. "आबा, आता सगळा केक तुम्हीच खाणार?"

"मग! वाढदिवस तुझा आणि चंगळ माझी."

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते गॅलरीतून हात हलवत राहिले. मग आत येऊन त्यांनी एक तुकडा कापला आणि उभ्यानेच खाल्ला. केक मऊ झाला होता, गोडही बेताचाच. अगदी पहिल्या फटक्यात जमला होता, आणि हे कुणाला तरी सांगावं, असं त्यांना फार वाटलं.