भिंतीवरचा नान

"शहरात हसून बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, ओयखोन. गाठोडं जिवापाड सांभाळ," आजारी बहिणीने निघताना बजावलं होतं. तिचा रुमाल पिराच्या मजारीला टेकवून आणायचं वचन ओयखोनने दिलं होतं, आणि मजारीचा दरवाजा सूर्यास्ताला बंद होत असे.

बुखाऱ्यात उतरताच मुहर्रम नावाची बाई हसत पुढे आली आणि आधी चहा घ्या म्हणत तिला आपल्या घरी घेऊन गेली. हसणारीच भेटावी ना नेमकी! ओयखोन तेव्हापासून गाठोड्यावरच बसून होती.

"आपा, मजारीत एवढं ओझं आत घेत नाहीत. ठेवा इथे."

"असू दे माझ्यापाशी."

"त्यात काय सोनं आहे?"

"जर्दाळू आहेत."

"मग मी सगळे खाईन, एवढीच भीती!" मुहर्रम हसली.

ऊन भिंतीवर चढलं, तशी ओयखोनची नजरही वर गेली. खिळ्याला एक वाळका नान टांगलेला होता, कडेला एकच घास तोडलेला.

"कुणाचा?"

"लेकाचा. परदेशी कामाला गेलाय. निघताना एक घास खाल्ला, उरलेला परत आल्यावर खाईल." मुहर्रमचं हसू जरा थांबलं. "चार वर्षं झाली. रोज धूळ झटकते."

ओयखोनच्या स्वतःच्या घरीही असाच एक नान टांगलेला होता, धाकट्या दिराचा.

ती उठली. समोर जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरचा ताजा नान उचलून तिने एक घास खाल्ला आणि उरलेला मुहर्रमच्या हातात दिला. मग गाठोड्यातून फक्त रुमाल काढून, गाठोडं तिथेच ठेवून, बिस्मिल्ला म्हणत ती मजारीच्या वाटेला लागली.