धनतेरशीचा नेवता

दुर्गेश्वरीला कुठलीही गोष्ट अर्धवट कळली की चैन पडत नसे. शेजारणीच्या भाजीत काय पडलं, कोणाची म्हैस कुठे विकली, सगळं तिला मुळापासून हवं. सासऱ्यांचं, म्हणजे ईश्वरदास वैद्यांचं कोडं मात्र वर्षानुवर्षं सुटत नव्हतं.

धनतेरशीला म्हातारा धन्वंतरीच्या तसबिरीपुढे दिवा लावी, कडुनिंब-साखरेचा प्रसाद सगळ्यांच्या हातावर ठेवी आणि हळदीचे तांदूळ पुडीत बांधून तलावाच्या पाळीकडे एकटाच निघे. याला नेवता म्हणतात. जडीबुटी उपटायची तर आदल्या संध्याकाळी झाडाला आमंत्रण द्यायचं, कोणासाठी न्यायची ते सांगायचं आणि उजाडल्यावर आणायची, नाहीतर औषधाला गुण येत नाही, अशी त्या घराची रीत. पण म्हाताऱ्याने औषध देणं केव्हाच सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी तो काही आणायचाही नाही. मग नेवता कोणाला आणि कशाला?

विचारायची सोय नव्हती, कारण औषध सुटलं ते तिच्यामुळेच. तिचा मुलगा हिमांशू लहान असताना तापाने फणफणला, झटके यायला लागले. सासरे नेवता द्यायला गेले आणि ते परतायच्या आत ही बाई पोराला उचलून, शेजारच्या नंदलालच्या ऑटोत घालून, तालुक्याच्या दवाखान्यात पोचलीसुद्धा. पोरगा वाचला. सासरे एका शब्दाने बोलले नाहीत, पण तेव्हापासून दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला ते दवाखान्याचीच वाट दाखवू लागले. गाव म्हणालं, सुनेनं म्हाताऱ्याची विद्या बुडवली. ते तिला अजून लागत होतं. म्हातारा पाळीवर जाऊन देवाला आपलंच गाऱ्हाणं सांगत असणार, अशी तिची खात्री होती.

यंदा तिनं प्रसाद तोंडात टाकला आणि मागोमाग निघाली. लपूनछपून जायचं ठरवलं होतं खरं, पण कापणीला आलेल्या धानातून बांगड्या न वाजवता चालणं तिला कुठलं जमायला!

ईश्वरदास पळसाच्या बुंध्याशी एका खुरट्या झुडपापुढे बसले होते. तांदूळ वाहून ते झुडपाशीच बोलू लागले, "पोरगा बरा हाय. आता मोटरसायकल मागून राहिला. यंदाबी तुझं काम पडलं नाही. पुढच्या सालीबी नको पडू दे."

मग मागे न वळताच म्हणाले, "ये बाई. बांगड्या आयकू येऊन राहिल्या."

दुर्गेश्वरी ओशाळली, पण जिभेला ओशाळणं माहीत नव्हतं. "मामाजी, मले वाटे का तुमी इथं माझी चुगली करून राहिले."

"तुझी? काऊन?"

"तुमचा नेवता मोडला मी."

"मोडला नाही. पाहुण्याले बोलावलं अन् काम भागलं, तं तसं सांगा लागते. तेच सांगाले येतो."

"मंग औषध काऊन सोडलं?"

म्हाताऱ्याने झुडपाच्या बुडाशी पडलेली वाळकी पानं बाजूला सारली. "त्या रोजी घरी नातवाले झटके येऊन राहिले होते, अन् मी इथं हात जोडून बसलो होतो. रीत म्हणून सकाळची वाट पाहणार होतो. घरी आलो, तं खाट रिकामी. तवा कळलं मले. तसबिरीतला देव सोताच कलश घेऊन समुद्रातून निघाला. त्याले कोणी नेवता देल्ला होता? जन्मभर पूजा मी केली बाई, पण निघाली तू."

दुर्गेश्वरीला रडू आवरेना. इतकी वर्षं जे पाप समजून तिनं उरावर वागवलं, ते म्हाताऱ्याने असं उचलून देवाच्या शेजारी ठेवलं होतं. पदराने नाक पुसत तिनं शेवटी विचारलंच, "अन् या झाडाचं नाव काय, मामाजी?"

ईश्वरदास हसले. पुडीत चिमूटभर तांदूळ उरले होते. ते त्यांनी झुडपाला वाहिले नाहीत, सुनेच्या डोक्यावर टाकले.